चार मॅलेट्सच्या बर्टन पकडीत बाहेरचं मॅलेट सारखं निसटतं? आधी पेन्सिल घ्या

तक्रार जवळजवळ नेहमी अशीच असते. व्हायब्राफोनवर, म्हणजे धातूच्या पट्ट्यांच्या वाद्यावर, दोन मॅलेट्स (डोकं असलेल्या वाजवायच्या काठ्या) घेतली तर हात छान चालतो. चार, म्हणजे प्रत्येक हातात दोन, घेतली की मुख्य धून नीट जाते, एखाद-दुसरा कोरस (धूनच्या चौकटीची एक फेरी) जातो, आणि मग उजव्या हातातलं बाहेरचं, म्हणजे सगळ्यात उजवीकडचं, मॅलेट हळूहळू पुढे सरकायला लागतं. तुम्ही मूठ आवळता. मूठ आवळली की मनगट ताठरतं, काठ्या एकमेकींवर टिपऱ्यांसारख्या खटखटतात, आणि कॉर्डमधला (एकत्र वाजणाऱ्या स्वरांमधला) सगळ्यात वरचा स्वर, ज्यात धून असते, तोच दबतो. गाणं संपल्यावर हात झटकून पुन्हा पकड बसवली की सगळं ठीक. दहा मिनिटांनी पुन्हा तेच.

मी या चक्रात दीड वर्ष अडकले होते. मला सांगितलं गेलं की करंगळी कमजोर आहे, तिला ताकद यायला हवी. म्हणून मी तीन महिने रबरी चेंडू दाबत बसले. करंगळी बळकट झाली असेल कदाचित, पण मॅलेट निसटायचं थांबलं नाही, उलट अंगठ्याच्या मुळाशी दुखायला लागलं. कारण ताकदीत नव्हतंच. काठ्या तळव्यात जिथे एकमेकींना ओलांडतात ती फुली माझ्या हातात एका जागी राहत नव्हती. ती जागेवर बसली आणि पंधरा दिवसांत निसटणं थांबलं, तेही पूर्वीपेक्षा निम्म्या जोरात धरून.

म्हणून इथे त्या फुलीबद्दलच जास्त लिहिते आहे. बाकीच्या बऱ्याच तक्रारी तिच्याच पोटातून निघतात.

फुली कुठे असते आणि कशावर टिकते

हात उताणा धरा. बाहेरच्या मॅलेटची काठी तर्जनी आणि मधल्या बोटाच्या मधून आत घ्या आणि तळव्यावर तिरकी टेकवा. आता दुसरं, म्हणजे आतलं मॅलेट अंगठा आणि तर्जनीच्या मधून आणा आणि त्याची काठी पहिल्या काठीच्या वरून जाऊ द्या. तळव्यात फुली तयार झाली. अनामिका आणि करंगळी तिच्यावर मिटा आणि हात पालथा करा. आता बाहेरची काठी वर, तळव्याला लागून आहे, आणि आतली तिच्या खालून गेली आहे. आतल्या काठीचं शेपूट करंगळीकडे जातं, बाहेरच्या काठीचं शेपूट अंगठ्याच्या उंचवट्याकडे.

पारंपरिक फुलीच्या पकडीत हा क्रम उलटा असतो: बाहेरची काठी खाली, आतली वर. गॅरी बर्टन या इंडियानातल्या वादकाने १९६०च्या सुमारास क्रम बदलला, म्हणून पकडीला त्याचं नाव. तो बराचसा स्वतःच शिकलेला होता. चार मॅलेट्स घेऊनही दोन मॅलेट्सइतक्या जोरात आणि वेगात ओळी वाजवता याव्यात ही त्याची गरज होती, आणि जॅझच्या तालवाद्यांपुढे ऐकू यायचं तर ती गरज खरीच होती. त्याआधीही चार मॅलेट्स होती. जॅझ वादक रेड नॉर्वोने १९३३ मध्येच चार मॅलेट्सनी ध्वनिमुद्रण केलं होतं. पण चार मॅलेट्सनी व्हायब्राफोन पियानोसारखा एकट्याने उभा राहू शकतो हे लोकांना पटवलं ते बर्टनने. १९७१च्या त्याच्या एकल वादनाच्या अल्बमला पुढे ग्रॅमी मिळालं.

क्रम बदलल्याने नेमकं काय साधतं, हे समजलं की दुरुस्ती आपोआप सुचते. अनामिका आणि करंगळी आतल्या काठीचं शेपूट तळव्याकडे ओढतात. ती काठी बाहेरच्या काठीला खालून दाबते. बाहेरची काठी तळवा आणि आतली काठी यांच्यामध्ये चिमटली जाते. म्हणजे बर्टन पकडीत बाहेरचं मॅलेट खरं तर सगळ्यात सुरक्षित असायला हवं! ते निसटत असेल तर एकच अर्थ निघतो: ते तळव्याला टेकलेलं नाही. फुली तळव्यातून सरकून बोटांच्या पेरांवर आली आहे, आणि पाठीमागे दाबायला काही उरलेलं नाही. अशा वेळी कितीही आवळा, तुम्ही हवेतच आवळता आहात.

संतूर वाजवलेल्यांना इथे एक फायदा असतो. संतूरची कलमही तर्जनी आणि मधल्या बोटामध्येच धरतात, त्यामुळे त्या दोन बोटांमधली जागा त्यांना परकी वाटत नाही. बाकीच्यांना पहिले काही आठवडे तिथे घट्टे पडेपर्यंत थोडं हुळहुळतं. ते चालतं. अंगठ्याच्या मुळाशी किंवा कोपराखाली दुखणं मात्र चालत नाही. तिथे दुखलं तर त्या दिवसाचं वादन बंद.

पेन्सिलची चाचणी

अंदाजाने काही बदलू नका. पकड नीट बसवा, आणि काठ्या जिथे एकमेकींना ओलांडतात तिथे दोन्ही काठ्यांवर पेन्सिलने बारीक खूण करा. खुणेच्या मागे साधारण ३ ते ५ सेंमी शेपूट राहिलं पाहिजे. आता दहा मिनिटं नेहमीसारखं वाजवा. सावध होऊन नको, जसं वाजवता तसंच. मग हात जसाच्या तसा उताणा करून खुणा बघा.

खूण पुढे, डोक्याच्या बाजूला गेली असेल आणि शेपूट आखूड झालं असेल, तर काठी हातातून बाहेर पडते आहे. प्रत्येक आघातात डोकं वर्तुळाकार फिरतं आणि काठीला बाहेर खेचतं, गोफण सोडताना खेचतं तसं. ती खेच अनामिका आणि करंगळीने पेलायची असते. इथे पकडीचं काम करायचं आहे.

खूण मागे गेली असेल, म्हणजे शेपूट लांबलं असेल, तर उलटी गोष्ट आहे. तुमचा हातच काठीवर पुढे पुढे चढतो आहे. काठी आवरत नाही म्हणून हात जवळून धरायला बघतो. इथे पकड सुधारून काही होणार नाही. आधी मॅलेट आणि वाद्याची उंची बघायला हवी.

आणि दोन्हींपैकी एकाच काठीची खूण सरकली असेल, तर बहुधा ती बाहेरची असते. तेव्हा तळव्याचा स्पर्श सुटला आहे हे नक्की.

माझी खूण पुढे जायची. मी तीन महिने चेंडू दाबला त्याऐवजी ही दहा मिनिटं आधी दिली असती तर बरं झालं असतं, म्हणून हे इतकं आग्रहाने सांगते आहे.

हात चढत असेल तर

आपल्याकडे मॅलेट्स सहज मिळत नाहीत. जे मिळेल ते मागवलं जातं, आणि मिळतात ती पुष्कळदा मरिंब्यासाठी (लाकडी पट्ट्यांच्या अशाच वाद्यासाठी) केलेली बर्च लाकडाची. ती सरळ, कडक आणि गुळगुळीत असतात. जिथे काठ्या एकमेकींना चिकटत नाहीत त्या पकडीसाठी ती उत्तम. फुलीच्या पकडीत मात्र गुळगुळीत काठी गुळगुळीत काठीवर घसरते. जॅझ व्हायब्राफोनची नेहमीची काठी वेताची असते. वेत थोडा लवचिक असतो, आघाताचा धक्का थोडा स्वतःत जिरवतो, आणि त्याच्या पृष्ठभागाला धर असतो. फक्त काठी बदलून निम्मा त्रास गेलेली माणसं मी पाहिली आहेत.

वेतावर कारखान्याचा चकचकीत थर असेल तर फुलीच्या जागेपुरता बारीक पॉलिशपेपर हलक्या हाताने फिरवा. क्रिकेटच्या बॅटला लावतात तसली रबरी ग्रिप किंवा चिकटपट्टी मात्र लावू नका. अंतर बदलताना काठ्यांना एकमेकींवर थोडं सरकावं लागतं. चिकटपट्टीने निसटणं थांबतं आणि त्याबरोबर हातही थांबतो.

पावसाळ्यात वेत वाकतो. वाकलेल्या काठीचं डोकं पट्टीवर भलत्या कोनात पडतं आणि हात ते सावरायला बघतो. उलट दिशेने हळूहळू वाकवून ती बऱ्यापैकी सरळ करता येते. मॅलेट्स भिंतीला टेकवून उभी ठेवू नका, आडवी ठेवा. आणि घामासाठी सुती फडकं जवळ असू द्या. मुंबईच्या मे महिन्यात हा सल्ला इतर सगळ्या सल्ल्यांच्या आधी येतो.

चारही मॅलेट्सच्या डोक्यांचं वजन सारखं आहे का बघा. वेगवेगळ्या संचांतली जमवलेली मॅलेट्स असतील तर जड डोकं नेहमी बाहेर जातं.

मग उंची. कोपर सहज लोंबू द्या. हाताचा पुढचा भाग पट्ट्यांकडे किंचित उतरता असला पाहिजे. वाद्य फार उंच असेल तर खांदे वर येतात, मनगट वाकतं आणि काठ्यांची डोकी वर बघायला लागतात. आणखी एक गोष्ट, जी मरिंबा वाजवणाऱ्यांच्या लक्षात येत नाही: व्हायब्राफोनला स्वर रेंगाळू देणारं पेडल आहे. उजवा पाय पेडलवर असतो, त्यामुळे शरीराचं वजन डाव्या पायावर. टाच जमिनीला टेकलेली नसेल तर तुम्ही अख्खं गाणं एका पायावर तोल सांभाळत उभे असता, आणि तो ताण थेट खांद्यातून मुठीत उतरतो. मी वाद्य दोन बोटं खाली घेतलं आणि पेडल थोडं डावीकडे ओढलं, तेवढ्यानेही फरक पडला.

काठी बाहेर पडत असेल तर

पकड बसवा, हात पालथा करा, आणि अंगठा आणि तर्जनी काठ्यांपासून पूर्ण उचला. दोन्ही मॅलेट्स हातात राहिली पाहिजेत. डोकी थोडी लोंबतील, दिशा सुटेल, पण पडता कामा नयेत. पडत असतील तर तुम्ही आजवर अंगठा-तर्जनीने काठ्या धरत होता. त्या दोघांचं काम दिशा देण्याचं आणि अंतर उघडण्याचं. धरून ठेवण्याचं काम अनामिका आणि करंगळीचं. एकाच बोटाला दोन्ही कामं दिली की अंगठा दुखतो आणि अंतर बदलताना पकड सुटते.

पडत असतील तर फुली आत न्या. ती अनामिका मिटल्यावर तिचं टोक तळव्याला जिथे टेकतं त्या भागात हवी. बहुतेकांची फुली बोटांच्या मुळाशी असते, कारण तिथे धरलं की डोकी छान जवळ येतात आणि सुरुवातीला हात मोकळा वाटतो. आत नेल्यावर पकड पहिले दोन-तीन दिवस अवजड वाटेल. वाटू द्या.

मग स्वयंपाकघरातली सांडशी आठवा. तिची दोन्ही पाती एका खिळ्यावर फिरतात. खिळा ढिला झाला की पातेलं कधी हातातून सुटेल सांगता येत नाही, मग तुम्ही दांडे कितीही दाबा. आपली फुली म्हणजे तो खिळा. फक्त इथे खिळा लोखंडाचा नाही, दोन बोटांचा आणि तळव्याचा आहे, म्हणून तो प्रत्येक आघाताला पुन्हा पुन्हा बसवावा लागतो.

आता सराव. दोन्ही हातांत साधारण चार-पाच पट्ट्यांचं, म्हणजे सा-म किंवा सा-प इतकं अंतर ठेवा आणि ते आठवडाभर बदलू नका. मेट्रोनोम (ठोके देणारं यंत्र) मिनिटाला ६० वर. प्रत्येक ठोक्याला एका हाताने दोन्ही स्वर एकत्र, मग दुसऱ्या हाताने. आघात झाल्यावर डोकी स्वतःहून वर यायला हवीत. ती वर येत असताना अनामिका आणि करंगळी किंचित सैल करा, आणि पुढच्या आघाताच्या आधी पुन्हा मिटा. पकड सतत घट्ट नसते, ती श्वासासारखी मिटते आणि उघडते. हे वाक्य मला वाचून कळलं नव्हतं. एकदा फार दमलेली असताना, जोर लावायची इच्छाच उरली नव्हती तेव्हा हाताला कळलं. पाच मिनिटांनी थांबून पेन्सिलची खूण बघा. सरकली असेल तर लय कमी करा, जोर वाढवू नका.

खटखट आवाज वेगळ्या दुरुस्तीशिवाय इथेच जातो. काठ्या फुलीपाशी एकमेकींना टेकलेल्या राहिल्या की त्यांना आपटायला जागाच नसते. एकमेकींपासून सुटून पुन्हा भेटल्या की आवाज होतो.

अंतर उघडताना सुटत असेल तर

काहींचं एका अंतरावर ठीक चालतं आणि कॉर्ड बदलली की पकड विस्कटते. तेव्हा अंगठा बघा. जवळची अंतरं वाजवताना अंगठा आतल्या काठीच्या बाहेरच्या अंगाला असतो आणि तिला दुसऱ्या काठीकडे ढकलतो. अंतर मोठं होत जातं तसा अंगठा दोन्ही काठ्यांच्या मध्ये शिरतो आणि तर्जनीबरोबर त्यांना फाकवतो. हा ओलांडण्याचा क्षण सगळ्यात अवघड. तिथे पुष्कळ जण अनामिका आणि करंगळीसुद्धा सोडून देतात, म्हणजे अंतर बदलण्यासाठी अख्खी पकड मोडून पुन्हा बांधतात.

तेवढाच क्षण वेगळा काढून घोटा. वाद्याशिवाय, गादीवर किंवा उशीवर, टीव्ही बघतानासुद्धा. सा-ग, मग सा-प, पुन्हा सा-ग. अंगठा आत, अंगठा बाहेर. फुली जागची हलता कामा नये. दोन्ही शेपटं तळव्यात थोडी फाकतात, ते साहजिक आहे, त्यांना अडवू नका.

पूर्ण सप्तकाचं अंतर वरच्या बाजूला सोपं आणि खालच्या बाजूला अवघड असतं, कारण बहुतेक वाद्यांवर खालच्या पट्ट्या रुंद असतात. साधारण वाद्य तीन सप्तकांचं, ३७ पट्ट्यांचं, एफपासून एफपर्यंत. खालच्या टोकाला एका सप्तकाचं अंतर बरंच मोठं होतं. तिथे हात ताणण्याऐवजी कोपर थोडं बाहेर काढा. आणि खरं सांगायचं तर जॅझमध्ये डाव्या हाताला खाली सप्तक क्वचितच लागतं. तिसरा आणि सातवा स्वर हातात असले की कॉर्ड ओळखू येते. न लागणारं अंतर घोटण्यात हात खर्च करू नका.

वरचा स्वर दबतो, पण पकड ठीक आहे

पेन्सिलची खूण सरकत नाही, तरी बाहेरच्या मॅलेटचा स्वर बारीक येतो. इथे हाताला दोष देण्याआधी वाद्य तपासा. माझ्याकडून हेच राहून गेलं होतं.

पट्ट्यांखालच्या नळ्यांच्या तोंडाशी चकत्या असतात. मोटर चालू केली की त्या फिरतात आणि व्हायब्राफोनचा तो डुलता आवाज येतो. मोटर बंद केली की त्या जिथे थांबतील तिथे थांबतात. पांढऱ्या आणि काळ्या (पियानोवरच्या हिशेबाने) पट्ट्यांच्या ओळींना बहुधा वेगवेगळे दांडे असतात. एका ओळीच्या चकत्या आडव्या थांबल्या तर त्या नळ्यांची तोंडं झाकली जातात आणि ती अख्खी ओळ दबते. माझ्या धूनमधले वरचे स्वर बहुतेक काळ्या ओळीवर होते. मी दोन आठवडे उजव्या हाताच्या बाहेरच्या मॅलेटवर मेहनत घेत होते आणि चकत्या मिटलेल्या होत्या. वाजवायच्या आधी दोन्ही ओळींच्या चकत्या बोटाने फिरवून उभ्या करा.

मोटर वापरायची की नाही हा आवडीचा प्रश्न. जॅझ व्हायब्राफोनवादक मिल्ट जॅक्सनचा सावकाश डुलणारा आवाज ऐकून कोणाचंही मन मोटरकडे जाईल. तो मुख्यतः दोनच मॅलेट्सनी वाजवायचा, हेही लक्षात ठेवा. चार मॅलेट्सच्या दाट कॉर्ड्सवर जोरात फिरणारी मोटर मला गढूळ वाटते. बर्टन ती बंद ठेवायचा.

चकत्या ठीक असतील तर डोकं पट्टीवर कुठे पडतं ते बघा. पट्टीला दोन ठिकाणी भोकं पाडून दोरी ओवलेली असते. त्या जागी पट्टी कंप पावत नाही, तिथे आघात केला की स्वर मेलेला येतो. हात तिरका असेल तर आतलं मॅलेट मध्यावर आणि बाहेरचं दोरीवर पडतं. मध्यावर वाजवा, काळ्या पट्ट्यांच्या बाबतीत घाईत अगदी कडेला वाजवलं तरी चालतं. दोरीच्या जागी मात्र नको.

निसटणं थांबलं, आता सगळं एकमेकांत मिसळतं

पकड बसली की हात मोकळा होतो, आणि मोकळा हात जास्त वाजवायला लागतो. मग दुसरी तक्रार येते: स्वर एकमेकांत मिसळून चिखल होतो. ही पुढच्या पायरीची अडचण आहे. बसलेल्या पकडीशिवाय ती सुटतच नाही, म्हणून ती इथेच घेते.

अ‍ॅल्युमिनियमची पट्टी पेडल दाबलेलं असताना फार वेळ वाजत राहते. हिंदी चित्रपटसंगीतात मुंबईच्या बुजी लॉर्ड यांच्यासारख्या वादकांनी वाजवलेला व्हायब्राफोन आपल्या कानात आहे तो याच रेंगाळण्यामुळे. पण पेडल सगळ्या पट्ट्यांना एकदम सोडतं किंवा एकदम दाबतं. कॉर्ड वाजत राहावी आणि धूनमधला मागचा स्वर तेवढा थांबावा हे पेडलला जमत नाही. ते मॅलेटने करायचं. वाजणाऱ्या पट्टीवर डोकं अलगद टेकवून दाबलं की ती थांबते. डेव्हिड फ्रीडमनसारख्या वादकांनी १९७०च्या दशकात ही कला पद्धतशीर मांडली, आणि बर्टनचं वादन स्वच्छ ऐकू येतं त्यात हिचा वाटा मोठा आहे.

पहिला धडा दोन मॅलेट्सनी. पेडल दाबून ठेवा. सी म्हणजे सा धरा. डाव्या हाताने सा वाजवा. उजव्या हाताने रे वाजवताना त्याच क्षणी डावा हात पुन्हा सा वर टेकवा, आवाज न करता. मग डाव्याने ग, आणि त्याच क्षणी उजवा रे वर. प्रत्येक हात आपलाच स्वर वाजवतो आणि पुढच्या ठोक्याला आपलाच स्वर थांबवतो. मेट्रोनोम ५०. एका वेळी एकच स्वर ऐकू आला की जमलं. टेकवताना टक् असा आवाज येत असेल तर तुम्ही आपटता आहात. डोकं पट्टीवर ठेवायचं आहे. कठीण डोक्याची मॅलेट्स वाजत्या पट्टीवर टेकवली की झर्र होतं, म्हणून शिकताना दोऱ्याचं मध्यम मऊ डोकं घ्या.

प्रत्येक स्वर थांबवायची गरज नसते. शेजारचे स्वर एकमेकांत मिसळले की कानाला टोचतात. सा आणि ग, सा आणि प एकत्र वाजत राहिले तर कॉर्ड होते. म्हणजे ओळ पायरी-पायरीने जात असेल तिथे थांबवा, उडी मारत असेल तिथे सोडून द्या.

चार मॅलेट्सनी हेच एका हातात करायचं असतं: आतलं मॅलेट नवा स्वर वाजवतं आणि बाहेरचं मागचा थांबवतं, तेही शेजारच्या पट्ट्यांवर, म्हणजे सगळ्यात मिटलेल्या पकडीत. ज्याची फुली बोटांच्या पेरांवर आहे त्याचं बाहेरचं मॅलेट इथे लोंबतं, टेकत नाही. मी हा भाग आधी शिकायला गेले आणि चार महिने वाया घालवले. फुली आत नेल्यावर तोच धडा दोन आठवड्यांत जमला.

पेडल सोडूनही काही पट्ट्या वाजत राहत असतील तर तो हाताचा दोष नाही. पट्ट्यांच्या दोन ओळींमध्ये खालून एक लांब दांडा असतो, त्यावर लोकरी नमद्याची पट्टी असते. ती एका टोकाला खाली बसली असेल किंवा झिजली असेल. पेडल सोडून सगळे ३७ स्वर एकेक वाजवा, म्हणजे कुठे टेकत नाही ते कळेल. दांड्याची उंची स्क्रूने बदलता येते.

मग पकडच बदलू का?

हा प्रश्न निसटण्याच्या तिसऱ्या आठवड्यात प्रत्येकाला पडतो. बहुतेक वेळा समोर पर्याय असतो स्टीव्हन्स पकडीचा. ली हॉवर्ड स्टीव्हन्सने ती मरिंब्यासाठी विकसित केली. त्यात तळवा उभा असतो, अंगठा वर, आणि दोन्ही काठ्या एकमेकींना स्पर्श करत नाहीत. बाहेरची काठी अनामिका आणि करंगळी एकट्यानेच धरतात. एका हातातली दोन मॅलेट्स आळीपाळीने फिरवायला आणि मोठी अंतरं उघडायला ती अप्रतिम आहे. तुम्ही मुळात मरिंबा वाजवत असाल आणि व्हायब्राफोन अधूनमधून, तर तीच ठेवा.

पण बर्टन पकडीत बाहेरचं मॅलेट निसटतं म्हणून स्टीव्हन्सकडे जाऊ नका. तिथे तर बाहेरच्या काठीला तळवा आणि आतली काठी यांचा चिमटाही नाही. जे काम तुमची अनामिका आणि करंगळी इथे करत नाहीत, ते तिथे त्यांना दुप्पट करावं लागेल.

आणि जॅझमध्ये बाहेरच्या मॅलेटवर एवढा भर का, तेही सांगते. मॅलेट्स डावीकडून मोजा: एक, दोन, तीन, चार. बर्टन पकडीतले बरेच वादक एकेरी ओळी दोन आणि चार क्रमांकांनी वाजवतात, म्हणजे डाव्या हाताचं आतलं आणि उजव्या हाताचं बाहेरचं. दोन्ही आतल्या मॅलेट्सनी वाजवायला गेलं तर शेजारच्या स्वरांवर डोकी एकमेकांत अडकतात. शिवाय कॉर्डचा वरचा स्वर चार क्रमांकातच असतो, त्यामुळे कॉर्डवरून ओळीवर जाताना हात बदलावा लागत नाही. तेव्हा पेन्सिलची पहिली खूण उजव्या हाताच्या बाहेरच्या काठीवर करा. त्या एका काठीची खूण सलग तीन दिवस, दहा-दहा मिनिटं जागेवर राहिली की मग डाव्या हाताकडे वळा.